कुलूप पुन्हा लावता येतं का

नीट चालणारं कुलूप कोणी दुरुस्तीला आणत नाही. म्हणून मास्तर तेच पितळी कुलूप घेऊन पुन्हा दुकानाशी उभे राहिले तेव्हा कुलूपवालीच्या मनात पाल चुकचुकली. चावी फिरत नाही, म्हणाले. तिने फिरवली. लोण्यातून फिरावी तशी फिरली. घरी तर अडत होती बुवा, असं म्हणून मास्तर तिथेच थांबले, तिच्या बोटांकडे बघत.

दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मध्ये उरलेली फट. आत ती, किल्ल्या कापायचं यंत्र आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. तिला वळायचं असलं की गिऱ्हाइकाला रस्त्यावर उतरावं लागे. वडिलांच्या मागे धंदा तिने चालवला आणि वडिलांसारखाच चालवला, म्हणजे कोणावरही विश्वास न ठेवता. दार उघडून द्या म्हणून बोलावणं आलं की ती जायची, पण हत्यारं काढण्याआधी विचारायची: आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर काय आहे? ज्याचं घर असतं तो लगेच सांगतो. जो अडखळला त्याला ती म्हणे, मालकाला घेऊन या. एकदा तिने सख्ख्या चुलतभावाला असं परत पाठवलं होतं. घरच्या प्रत्येक लग्नकार्यात तो विषय अजून निघतो.

मास्तर पुढच्या खेपेला आले ते कुलूप न आणताच. इकडचं तिकडचं बोलले आणि मग खाली बघत म्हणाले, चावीशिवाय कुलूप उघडायला मला शिकवाल का?

तिने हातातली कानस खाली ठेवली. मास्तरांना ती तोंडओळखीने जाणत होती. पलीकडच्या रस्त्यावर राहायचे, व्हायोलिन शिकवायचे, सत्तरी गाठलेली, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. असा माणूस हे का मागतो? तिने कारण विचारलं. घरचं काम आहे, एवढंच ते म्हणाले. मग घरी येऊन मी उघडून देते, ती म्हणाली. नको, ते म्हणाले, आणि इतक्या घाईने म्हणाले की तिचा संशय पक्का झाला.

जेवताना तिने आईला सांगितलं. आईचं मत असं की सरळ हाकलून द्यावं. पण कुलूपवालीने वेगळा हिशेब केला होता. आपण नाही म्हटलं तर हा दुसरीकडे शिकेल, फोनवर बघून शिकेल. आपल्यासमोर शिकला तर निदान कळेल तरी, कोणतं कुलूप याच्या मनात आहे.

"म्हणजे चोराला शिकवणी लावतेस," आई म्हणाली.

"नजरेखाली ठेवतेय."

"मांजराने दुधावर नजर ठेवावी तशी चोराने तुझ्यावर ठेवली म्हणजे?"

तिने अटी घातल्या. भर दुपारी यायचं, रस्त्यावरच्या स्टुलावर बसायचं, हत्यारं दुकानातच ठेवायची, मी देईन त्याच कुलपावर हात चालवायचा. आणि मास्तर असाल तर व्हायोलिन घेऊन या, वाजवून दाखवा. मास्तरांनी सगळं मान्य केलं. शेवटच्या अटीवर थोडे हसले.

व्हायोलिन त्यांनी आणलं. स्टुलावर बसून थोडं वाजवलं. समोरच्या शिंप्याने शिलाई मशीन थांबवली. कुलूपवालीलाही ते चांगलं वाटलं, पण चांगलं वाटलं म्हणून ती विरघळली नाही. वाजवता तर चोरालाही येत असेल. खरा मास्तर आहे की नाही ते त्याने शिकवल्यावर कळतं. ती म्हणाली, तुम्हीही मला थोडं शिकवा. म्हणजे फिटंफाट.

असा तो प्रकार सुरू झाला. वडिलांनी तिला शिकवायला बनवलेली कुलपं तिच्याकडे अजून होती. कुलपात वर-खाली होणाऱ्या बारीक पिना असतात आणि किल्लीचे दाते त्यांना नेमक्या उंचीवर उचलतात. किल्ली नसेल तर एका हाताने वाकवलेल्या पट्टीने हलका ताण द्यायचा आणि दुसऱ्या हातातल्या आकड्याने एकेक पिन वर बसवायची. वडिलांनी पहिल्या कुलपात एकच पिन ठेवली होती, दुसऱ्यात दोन, असं करत पुढे. मास्तरांना तिने पहिलं दिलं. ते लगेच उघडलं. दोन पिनांचंही उघडलं. मास्तर खूश झाले. तिसऱ्याशी त्यांनी कपाळ आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

ते कुलूप कानाला लावायचे. ती म्हणायची, कान काढा तिथून.

"मग ऐकू कसं?"

"बोटाने."

मास्तर म्हणाले, मी पोरांना उलटं सांगत आलोय, बोटांकडे बघू नका, ऐका. पण कान काही त्यांनी काढला नाही. आणि ताण असा देत की पट्टी वाकून जाई. ताण देताय की मान मुरगाळताय, ती विचारी. हलकं म्हणजे किती हलकं, ते विचारीत. ती म्हणे, हलकं म्हणजे हलकं. दोघंही वैतागून जात आणि मास्तर, इतकी वर्षं शिकवणारा माणूस, हट्टी पोरासारखे आकडा खाली टाकून रस्त्याकडे बघत बसत.

मग तिची पाळी यायची. व्हायोलिन खांद्यावर ठेवून एकाच मोकळ्या तारेवर गज ओढायचा, बस. गंजलेली बिजागरी करकरावी तसा आवाज निघायचा. समोरचा शिंपी दार लोटून घ्यायचा. आश्चर्य म्हणजे इथे मास्तर वैतागत नसत. तिची मूठ गजाभोवती आवळलेली बघून एकदा ते शांतपणे म्हणाले, "धरू नका. पडू देऊ नका, एवढंच करा."

तिने मूठ सैल केली. करकर थांबली आणि काही क्षण एक सरळ, गोल सूर निघाला.

"तुम्ही मला त्या पट्टीचं हेच सांगत होतात ना?" मास्तर म्हणाले. "मला कळलंच नव्हतं."

त्या दिवशी तीन पिनांचं कुलूप उघडलं. आणि माणूस खरा मास्तर आहे, याची तिला खात्री पटली. पण त्याने तिची झोप वाढली नाही, उलट उडाली. भामटा असता तर सरळ गोष्ट होती. खऱ्या मास्तराला हे कशाला हवं?

त्यात त्यांचे प्रश्न. दाराच्या कुलपाबद्दल ते चकार शब्द विचारत नसत. तिजोरीबद्दल नाही, गाडीबद्दल नाही. विचारत ते फक्त लोखंडी कपाटाच्या कुलपाबद्दल. आकड्याचे ओरखडे राहतात का? उघडलेलं कळतं का? आणि एकदा, अगदी सहज विचारल्यासारखं, "चावीशिवाय कुलूप पुन्हा लावता येतं का?"

येतं, ती म्हणाली. काही कुलपांत उघडायला जेवढी मेहनत, तेवढीच पुन्हा लावायला. आणि मनात म्हणाली, सापडलास. चोर उघडं टाकून पळतो. पुन्हा लावतो तो घरातला माणूस, ज्याला उद्याही त्याच घरात तोंड दाखवायचं आहे. म्हणजे भावाभावांचं काहीतरी असेल, नाहीतर बहिणीचे दागिने. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि शिकवणारी ती होती.

तेवढ्यात मास्तरांची प्रगती एकदम वाढली. काल चार पिना जमत नव्हत्या, आज पाचही जमल्या. दुपारच्या त्या थोड्याशा वेळात माणूस असा उडी मारत नाही. हा घरी रियाज करतोय, तिने ओळखलं. पण कशाने? हत्यारं तर तिच्या खणात होती. निघताना पावसाची भुरभुर आली आणि मास्तरांनी छत्री उघडली. छत्री एका बाजूने लुळी पडली होती. एक काडी कमी होती. कुलूपवालीने ते पाहिलं आणि तिला सगळं कळलं. छत्रीच्या काडीचं पोलाद या कामाला फार चांगलं. तिचे वडीलही त्याचीच हत्यारं करत.

दुसऱ्या दिवशी तोंडावर विचारायचं आणि शिकवणी बंद करायची, असं तिने ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी मास्तर यायच्या आधी एक बाई आल्या. नीट विंचरलेले पांढरे केस, इस्त्रीचे कपडे, हातात पर्स. कोणालाही उघडता येणार नाही असं कुलूप आहे का, त्यांनी विचारलं. कपाटाला हवं होतं.

"चोरी झाली का?" कुलूपवालीने विचारलं.

"नाही. काहीच जात नाही. तेच तर." बाई पुढे झुकल्या. "चोर असता तर नेलं असतं. हा उघडतो, हात लावतो आणि पुन्हा लावून ठेवतो. मला कळतं. मी घडी एका बाजूला केलेली असते, ती दुसऱ्या बाजूला असते."

कोणावर संशय आहे, असं विचारल्यावर त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं. "आमचे हे. आजकाल नुसते बसून बोटं हलवत असतात. वाजवत नाहीत. हलवतात."

समोर उभ्या असलेल्या बाईच्या बोलण्यात कुठे एक टाका उसवलेला नव्हता. आणि तिचं कुलूप उघडायला तिच्या नवऱ्याला जिने शिकवलं, तिच्याकडेच ती नवं कुलूप मागत होती. कुलूपवाली म्हणाली, मी घरी येऊन बसवून देते. आणि सवयीने विचारलं, आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर काय आहे?

"आरसा," बाई ताबडतोब म्हणाल्या. "मोठा. लाकडी चौकटीचा."

मास्तर दुकानाकडे निघायच्या आधीच ती त्या दुपारी गेली, पिशवीत दुकानातलं सगळ्यात अवघड कुलूप घेऊन. दार मास्तरांनी उघडलं. तिला बघून त्यांचा चेहरा उतरला, पण दोघंही ओळख न दाखवता उभे राहिले. तिने समोर पाहिलं. भिंतीवर आरसा नव्हता. एक खिळा होता आणि त्याखाली आरशाएवढा फिकट चौकोन.

एवढ्या वर्षांत तिचा प्रश्न असा कधी फसला नव्हता. उत्तर चुकीचं होतं, पण ते परक्याचंही नव्हतं.

बाई तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. पेटीला कुलूप, खणाला कुलूप, औषधांच्या डब्याला छोटं कुलूप. गळ्यातल्या दोरीतून किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात कपड्यांच्या घड्या होत्या. खालच्या कप्प्यात, रुमालात नीट बांधलेले पाव, उकडलेले बटाटे, बिस्किटांचे पुडे, गोळ्यांची पाकिटं. पाव ताजा होता, बोटाने दाबला तर मऊ. पण मागच्या कोपऱ्यातून जुनाट, आंबूस वास येत होता, नुकतंच काहीतरी पुसून काढल्यावर राहतो तसा.

"माणसाने घरात ठेवलेलं असावं," बाई म्हणाल्या. "वेळ काय सांगून येते?"

कुलूपवालीने कुलूप बसवलं. नव्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या येतात. बाईंनी दोन्ही मागितल्या. तिने दोन्ही त्यांच्या हातावर ठेवल्या.

मास्तर तिच्या मागोमाग जिना उतरले. खालच्या वळणावर त्यांनी तिला थांबवलं आणि जे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं ते सांगितलं. बाई खाणं लपवायच्या आणि विसरायच्या. पाव बुरशी धरायचा, बटाटे सडायचे. एकदा त्यांनी त्यातलं काढून खाल्लं आणि आजारी पडल्या. गोळ्याही आत जायच्या. म्हणून बाई आंघोळीला गेल्या की मास्तर कपाट उघडत, शिळं काढून तसंच ताजं ठेवत, रुमालाला तशीच गाठ मारत आणि कुलूप लावून टाकत. आरसाही त्यांनीच उतरवला होता. त्यातून एक बाई बघते, असं त्या म्हणायला लागल्या होत्या.

"त्यांच्याकडे किल्ली मागितलीत का कधी?" तिने विचारलं. अजूनही तिला सगळं पटलेलं नव्हतं.

"मागितली. दिली तिने. आणि तासाभराने शेजारी जाऊन सांगितलं, मी गळ्यातून ओढून घेतली." मास्तर कठड्याला धरून उभे होते. "मी तुमच्यासारखं कोणाला बोलावलं तर ती घाबरते, घर फोडलं म्हणते. तुम्ही तिसरी किल्ली ठेवली असेल ना?"

"नाही."

"करून तरी द्याल?"

तिने पिशवी खांद्यावर घेतली. मग म्हणाली, त्यांनी माझ्याकडून कुलूप विकत घेतलंय, मास्तर. मी त्यांना फसवणार नाही. तुम्हाला फसवायचं असेल तर शिका.

तिला स्वतःलाच हे बोलणं थोडं हलकट वाटलं. रात्री आईला सांगितलं तर आई चक्क मास्तरांच्या बाजूने झाली. शेवटी कुलूपवालीने एक वाट काढली. नव्या कुलपाला दर आठवड्याला तेल घालावं लागतं, असं तिने बाईंना सांगितलं आणि ती जाऊ लागली. बाई स्वतः कपाट उघडत. ती तेलाचा थेंब सोडायची आणि म्हणायची, पावाने मुंग्या येतात बरं का, मुंग्या कुलपात शिरल्या की संपलं. मग बाई लगबगीने सगळं काढत आणि नवं ठेवत. मास्तर तोवर स्वयंपाकघरात चहा करत आणि बाहेर येत नसत. दुपारी ते दुकानात येऊन त्याच जातीच्या कुलपाशी झटत. ते काही केल्या उघडत नव्हतं. त्यातल्या पिना खोटं बोलायच्या. पिन बसल्यासारखी खट वाजायची आणि बसलेली नसायची. मास्तर म्हणायचे, हा बेसूर तर मला झोपेतही ऐकू येतो.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर एका आठवड्यात बाईंनी तेलाच्या डबीकडे रोखून पाहिलं. "तुम्ही सारख्या का येता?" त्यांनी विचारलं. पुढच्या खेपेला त्यांनी दारच उघडलं नाही. कुलूपवालीला राग आला नाही. त्यांच्या जागी तिनेही हेच विचारलं असतं, फार आधी.

मग मास्तरांचा फोन आला. दोन्ही किल्ल्या सापडत नव्हत्या. बाईंनी त्या कोणालाही मिळू नयेत अशा ठेवल्या होत्या आणि आता त्यांनाच मिळत नव्हत्या. कालपासून त्या कपाटासमोर बसून होत्या. जेवत नव्हत्या. गोळ्या आत होत्या.

ती पिशवी घेऊन धावली. पण तिला उंबऱ्यात बघताच बाई उठून दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"हीच ती. हिच्याकडे तिसरी किल्ली आहे. ही आत येणार नाही."

नाही हो, माझ्याकडे नाही, असं म्हणण्यात अर्थ नव्हता. तिने हत्यारांची चामडी गुंडाळी काढून मास्तरांच्या हातात दिली.

"हे माझ्याने एकदाही उघडलेलं नाही," मास्तर हळूच म्हणाले.

"मला माहीत आहे."

ती बाहेरच्या खोलीत, त्या फिकट चौकोनाखाली उभी राहिली. तिथून आतलं कपाट दिसत होतं. मास्तर फरशीवर बसले. आजवर त्यांनी हे काम बाईंच्या पाठीमागे केलं होतं, नळाच्या आवाजाकडे कान ठेवून. आता बाई डोक्याशी उभ्या होत्या.

"काय करताय?"

"उघडतोय."

त्यांनी पट्टी घातली, आकडा घातला. पट्टी वाकलेली कुलूपवालीला लांबूनही दिसली. फार ताण, तिच्या ओठांवर आलं, पण ती बोलली नाही. ती एक शब्द बोलली असती तर बाईंनी मास्तरांनाही तिथून उठवलं असतं. पिना निसटल्या. पुन्हा घातल्या, पुन्हा निसटल्या. मास्तरांनी आकडा खाली ठेवला आणि ते नुसते बसून राहिले.

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी वाकून मास्तरांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि तो खाली दाबला.

"खांदा सोडा," त्या म्हणाल्या. "कार्यक्रमाच्या आधी असाच आखडायचा तुमचा. किती वेळा सांगायचं?"

मास्तरांनी खांदा सोडला. पुन्हा आकडा उचलला. या वेळी त्यांनी कान कुलपाकडे नेला नाही. मान सरळ ठेवून समोरच्या लोखंडाकडे, म्हणजे कुठेच नाही, असे बघत राहिले. खोट्या पिना खोटं बोलल्या आणि त्यांनी त्या सोडून दिल्या. शेवटची बसली तेव्हा कुलूपवालीला काही ऐकू आलं नाही. मास्तरांचं मनगट फिरताना मात्र दिसलं. दार सुटलं.

बाईंनी आत हात घालून रुमाल चाचपले, घड्या बघितल्या. मग वळल्या.

"म्हणजे ते तुम्हीच होतात."

"हो," मास्तर म्हणाले. "मीच."

बाईंनी एक घडी सारखी केली.

"बरं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, कुणी परकं आहे."

त्यांनी गोळी घेतली, थोडं दूध प्यायल्या आणि कपाट पुन्हा लावायला सांगितलं. मास्तरांनी लावलं, उघडायला लागली तेवढीच मेहनत घेऊन. बाई तोवर खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. गुंडाळी परत मागायचं कुलूपवालीला सुचलं नाही. नंतर सुचलं तेव्हा तिने मागितली नाही.

त्याने बाई बऱ्या झाल्या असं नाही. कधीकधी त्या दुकानात येत आणि पक्कं कुलूप मागत. जणू पहिल्यांदाच येत आहेत अशा मागत. काही दिवस त्यांना मास्तरही परके वाटत. मग मास्तर कपाटाजवळ फिरकत नसत आणि पाव आत शिळा होऊ देत. किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या. एक बाईंनी पुन्हा गळ्यात घातली. ती त्या कोणाला देत नसत, मास्तरांनाही नाही. पण चांगल्या दिवशी स्वतःहून खुर्ची ओढून कपाटाशी बसत, हातात टॉर्च धरत आणि गळ्यातल्या किल्लीवर एक हात ठेवून नवऱ्याला म्हणत, हं, करा सुरू.